शेवटच्या घराचा नळ
अभ्यासलेख : हायस्कूलमध्ये नळ-कारागिरी का आणि कशी शिकवावी



आदिवासी मुलांसाठी काही करावे असा विषय मंडळीच्या सभेत निघाला, की दोन सूचना हमखास येतात. मुलींना शिलाई मशीन द्या आणि मुलांना हत्यारांची पेटी द्या. दोन्ही सूचना चांगल्या मनाने केलेल्या असतात. पण पेटी मिळाली म्हणून कोणी कारागीर होत नाही. अशा किती पेट्या घराच्या माळ्यावर गंजत पडल्या आहेत, ते वाड्यांवर फिरणाऱ्या माणसाला विचारावे. म्हणून या लेखात मी एकाच धंद्याविषयी, म्हणजे प्लंबिंगविषयी लिहिणार आहे. सरकारी कागदांत त्याला ‘नळ कारागीर’ असे छान नाव आहे. तो धंदा आठवी-नववीपासून शाळेतच का शिकवावा, त्याचा तास कसा चालतो आणि त्यासाठी आपला पैसा नेमका कुठे लागतो, एवढेच मांडायचे आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी आयटीआयमध्ये निदेशक होतो. निवृत्त झाल्यावर हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव परिसरातल्या एका हायस्कुलात आठवड्यातून एक दिवस शिकवायला जातो.

नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव आहे, कयाधू नदीच्या काठचे. नामदेव शिंपी होते, त्यांच्या काळचे गोरोबा कुंभार होते आणि सावतोबा माळी होते. हाताने काम करणारा माणूस विचारानेही मोठा असू शकतो, हे या गावाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. निदान बोलताना तरी लागत नाही. मुलाच्या शाळेचा प्रश्न आला की मात्र सगळ्यांना ‘साहेब’च हवा असतो.

आमच्या वर्गातली बरीच मुले आंध समाजाची आहेत. आंध ही अनुसूचित जमात हिंगोली, नांदेड, परभणी, यवतमाळ या पट्ट्यात पसरलेली आहे, आणि तिची बोली मराठीच आहे. त्यामुळे नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या मुलांना शाळेत भाषेची जी अडचण येते, ती इथे तितकी येत नाही. इथली अडचण वेगळी आहे. जमीन थोडी आणि तीही कोरडवाहू असते. सोयाबीन निघाले की हाताला काम उरत नाही, आणि मग दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. नववीतला मुलगा तोपर्यंत कोयता धरण्याच्या वयाचा झालेला असतो. मार्चमध्ये तो परत येतो तेव्हा गणिताचे पुस्तक निम्मे संपलेले असते. दहावीला गणितात आणि विज्ञानात जे नापास होतात, त्यांच्यात या मुलांचा भरणा असतो. मुले मंद नसतात. त्यांचा वर्ग त्यांच्यावाचून पुढे गेलेला असतो, इतकेच.

आता नळाकडे येतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. ग्रामीण घरांपैकी जेमतेम १७ टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात हा आकडा १५ कोटींवर गेल्याचे सांगितले गेले आणि योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढवली गेली. माणशी रोज ५५ लिटर पाणी, तेही घरात, असे या योजनेचे माप आहे. म्हणजे गेल्या काही वर्षांत खेडोपाडी जितका पाईप जमिनीत गेला, तितका त्याआधी कधी गेला नव्हता. पण पाईप टाकणारा ठेकेदार बाहेरगावचा असतो. काम संपले की तो जातो, आणि पुढची तीस वर्षे तो पाईप गावाच्या गळ्यात असतो.

आमच्याकडची काळी माती हा पाईपाचा मोठा शत्रू आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. चरात खाली मुरूम किंवा वाळूची गादी न करता पाईप थेट या मातीत ठेवला, तर दोन पावसाळ्यांत त्याचे जोड हलतात. त्यात चर हातभर खोलच खणलेला असेल, तर ट्रॅक्टरचा नांगर किंवा जेसीबी उरलेले काम करतो. जोडातून पाणी गळते हा झाला अर्धा तोटा. दुसरा अर्धा डोळ्यांना दिसत नाही. पाणी बंद केले की पाईप रिकामा होताना आतून ओढ घेतो, आणि ज्या भेगेतून सकाळी पाणी बाहेर येत होते, त्याच भेगेतून दुपारी गटाराचे पाणी आत जाते. दुसऱ्या दिवशीचा पहिला हंडा त्याच पाण्याचा. पावसाळ्यात वाडीवर जुलाब आणि कावीळ सुरू झाली की आपण औषधे पाठवतो, आणि ती पाठवलीच पाहिजेत. पण त्या गळत्या जोडाकडे कोण पाहणार? तालुक्याचा प्लंबर एका जोडासाठी वाडीवर येत नाही. आलाच तर येण्याजाण्याचे भाडेच जोडाच्या खर्चापेक्षा जास्त होते. तेव्हा जोड सायकलच्या ट्यूबने बांधला जातो आणि ती ट्यूब वर्षभर तशीच राहते.

सरकारलाही हे कळले आहे. गावातल्याच माणसांना नळजोडणी, पंप आणि बांधकाम या तिन्हींचे प्रशिक्षण देण्यासाठी ‘नल जल मित्र’ हा कार्यक्रम निघाला. कल्पना योग्य आहे. माझे म्हणणे इतकेच, की त्या प्रशिक्षणाला येणारा तरुण पाईप पहिल्यांदाच हातात घेणारा नसावा. त्याने तो शाळेत, पंधराव्या वर्षी घेतलेला असावा.

ही कल्पना माझी नाही. महाराष्ट्रात तिचा पाया पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ या दुष्काळी गावात घातला गेला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, मग म्हैसूरच्या केंद्रीय संस्थेत काम, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठे पद. ते सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांपासून त्यांनी सुरुवात केली. सुतारकाम, वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पाणी आणि माती तपासणे, घर आणि आरोग्य अशी कामे मुलांनी गावासाठी खरोखर करायची, आणि ती करता करता विज्ञान शिकायचे. पुढे यातूनच आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय तयार झाला आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने तो मान्य केला. आठवड्यातला एक दिवस कामाचा, बाकीचे दिवस नेहमीच्या शाळेचे. आज अनेक शाळांत ‘मल्टी स्किल’ या नावाने जो विषय चालतो, त्याचे मूळ पाबळचे आहे. डॉ. कलबाग २००३ मध्ये वारले, आश्रम अजून चालू आहे. मंडळीच्या तरुण संघाने वर्षातून एक सहल तिकडे काढावी. महाबळेश्वर कुठे जात नाही.

पाबळची मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे मुलांना एकदम एकाच धंद्याला जुंपायचे नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला सगळ्या कामांची तोंडओळख व्हावी आणि मग त्याचे त्याने ठरवावे. आमच्या शाळेतही प्लंबिंग हे चार कामांपैकी एक आहे. मी फक्त तेवढेच शिकवतो, म्हणून त्यावर लिहितो.

आता तास कसा चालतो ते पाहू. पहिले दोन-तीन तास पाईपाला हातच लावायचा नाही. मुलांना बादली आणि मोबाइलमधले घड्याळ द्यायचे. हिशेब फळ्यावर मांडायचा. माणशी ५५ लिटर, घरात पाच माणसे, म्हणजे रोज २७५ लिटर. गावात पाणी एक तास सुटते. मग नळातून मिनिटाला साधारण साडेचार लिटर आले पाहिजे, म्हणजेच १५ लिटरची बादली साडेतीन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. हे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. मुले घरी जातात, सकाळी बादली लावतात आणि मिनिटे लिहून आणतात. वाचकांनीही उद्या आपल्या आवारातल्या नळाला बादली लावून पाहावी.

मग उंची. १० मीटर उंच उभ्या असलेल्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो, हे पुस्तकात असते आणि मुलांना पाठही असते. पण त्यातून काय होते ते त्यांनी पाहिलेले नसते. गवंडी ज्याने भिंतीची पातळी काढतो ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्यायची आणि टाकीच्या पायथ्यापासून वाडीपर्यंत टप्प्याटप्प्याने जमिनीचा चढ मोजत जायचे. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी नेहमी एकाच पातळीला राहते, म्हणून हे माप कधी खोटे बोलत नाही. नववीच्या मुलांनी शाळेजवळच्या एका गावात असा चढ मोजला, त्याची हकिगत पुढे सांगतो.

तिसरी गोष्ट व्यासाची. दुकानात गिऱ्हाईक नेहमी म्हणते, एक इंची पाईप महाग आहे, त्याऐवजी अर्ध्या इंचीचे दोन टाकू. मी वर्गात विचारतो, चालेल का? सगळे एका सुरात ‘हो’ म्हणतात. मग वर्तुळाचे क्षेत्रफळ काढायला लावतो. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. म्हणजे एका इंचीची जागा भरायला अर्ध्या इंचीचे चार पाईप लागतात, आणि घर्षणामुळे खरे तर चारही पुरत नाहीत. गणितात तीनदा नापास झालेल्या एका मुलाने हे उत्तर काढल्यावर पाईपाच्या तोंडात बोट घालून मला विचारले, “सर, पाय आर स्क्वेअर म्हणजे हे व्हय?” मी म्हटलं, हेच. त्याने ते बोट बराच वेळ काढले नाही.

यानंतर हत्यारे. पाईप वाईसमध्ये धरायचा, करवतीने काटकोनात कापायचा, आतली कड कानशीने साफ करायची आणि डायने आटे पाडायचे. अर्ध्या इंची लोखंडी पाईपाला इंचाला १४ आटे आणि एक इंचीला ११. आटे पाडताना तेल सोडत राहायचे, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. घाईने एकदम फिरवले की आटा फाटतो. मग टेफ्लॉन टेप गुंडाळायची, तीही आटे ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने. जुने लोक सूत आणि सफेदा वापरत, अजूनही काही ठिकाणी वापरतात. प्लॅस्टिक पाईपाचे काम वरून सोपे दिसते, पण सोल्युशन लावल्यावर पाव फेरा फिरवून काही सेकंद दाबून धरण्याइतका धीर मुलांना शिकवावा लागतो. गावच्या योजनांत काळा एचडीपीई पाईप असतो. त्याचे जोड तापलेल्या तव्यासारख्या यंत्रावर दोन्ही तोंडे वितळवून करतात. ते यंत्र आमच्याकडे नाही. पंचायतीचे काम चालू असले की मुलांना तिथे नेऊन दाखवतो.

पाणी शुद्ध करणे हाही याच धड्याचा भाग मी धरतो, जरी अभ्यासक्रमात तो दुसरीकडे टाकलेला आहे. पंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर साधारण हजार लिटरला ५ ग्रॅम पडली पाहिजे. मग ५०,००० लिटरच्या टाकीला किती? पाव किलो. ती पडली की नाही, हे नळाच्या पाण्यात ओटीचे दोन थेंब टाकून पिवळा रंग येतो का, ते पाहिल्यावर कळते. शेवटच्या घराच्या नळातही लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. पहिल्या घरी रंग येतो आणि शेवटच्या घरी येत नाही, असे झाले तर मधे कुठेतरी घाण आत येत असल्याची शंका घ्यायची आणि तो जोड शोधायला निघायचे.

‘प्लंबर’ हा शब्द कुठून आला, असे एका मुलीने विचारले होते. लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात. रोमन लोक शिशाचे नळ करीत, म्हणून ते काम करणारा तो प्लंबर. शिसे विषारी आहे हे कळल्यावर शिशाचे नळ गेले, नाव राहिले. गवंड्याच्या ओळंब्याचे इंग्रजी नावही याच शब्दापासून झाले आहे. आमोसाच्या पुस्तकातला ओळंबा वाचकांना आठवत असेल. ती आणि प्लंबर एकाच घरातले.

आता मोजणीची हकिगत. त्या गावात टाकी १२ मीटर उंचीच्या खांबांवर उभी आहे. आदिवासी वाडी गावाच्या वरच्या अंगाला आहे. वाडीत प्रत्येक घरापुढे नळ बसला, तोटी बसली, घरावर क्रमांकही पडला. कागदावर सगळ्यांना नळ होता. पाणी मात्र पहिल्या दोन-चार घरांत करंगळीएवढे येई, आणि शेवटच्या दोन घरांत तोटी उघडली की फुस्स करून हवा येई. गावात म्हणत, वाडीवाले तोट्या तोडतात. मुलांनी नळीने चढ मोजला, तर वाडीची जमीन टाकीच्या पायथ्यापेक्षा ७ मीटर उंच निघाली. म्हणजे १२ मधून ७ गेले, हाती राहिले ५ मीटर. त्यात खाली गावात त्याच वेळी सगळ्या तोट्या उघड्या, काही घरांत नळालाच टिल्लू मोटार लावलेली, आणि पुढे अरुंद पाईपाचे लांब अंतर. मग वर पाणी पोहोचणार कसे? पहिल्या घरी बादली भरायला १९ मिनिटे लागत होती. मुलांनी सगळी घरे, उंची आणि मिनिटे एका मोठ्या कागदावर काढली, आणि मुख्याध्यापकांच्या सहीने ते पत्र ग्रामसेवकांकडे गेले.

टिल्लू कोणाकोणाकडे आहे, ते मी मुलांना लिहू दिले नाही. गावात राहायचे त्यांना आहे, मला नाही.

ग्रामपंचायतीने दोन बैठकांनंतर एक गोष्ट केली. गावाच्या फाट्याचा वॉल बंद ठेवून पहाटे एक तास फक्त वाडीला पाणी सोडायचे ठरले. पैसा एकही लागला नाही, फक्त पाणी सोडणाऱ्या माणसाला तासभर लवकर उठावे लागते. आता पहिल्या घरी बादली ५ मिनिटांत भरते, शेवटच्या घरी ११ मिनिटांत. साडेतीन अजून झालेली नाहीत, आणि वाडीच्या वर छोटी टाकी बांधल्याशिवाय होणारही नाहीत. तसा ठराव ग्रामसभेत झाला आहे, काम झालेले नाही. पण ‘वाडीवाले तोट्या तोडतात’ हे वाक्य त्या बैठकीनंतर मी पुन्हा ऐकले नाही. समोर आकडे होते, आणि ते वाडीच्याच मुलांनी मांडलेले होते.

इथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो आपल्यातलेच शहाणे लोक घेतात. ते विचारतात, आदिवासी मुलांना पाना आणि आपल्या मुलांना पुस्तक, ही कसली वाटणी? हा आक्षेप खरा आहे आणि तो कायम डोळ्यांपुढे ठेवावा. व्यवसाय शिक्षण म्हणजे कमी प्रतीची शाळा, असे झाले तर ती शाळा बंद करावी. म्हणून आमचा नियम असा, की कामाच्या दिवसासाठी गणित, भाषा किंवा विज्ञानाचा एकही तास कापायचा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हेही सर्वच मुलांना एखाद्या व्यवसायाची ओळख व्हावी असे म्हणते. ते फक्त आश्रमशाळेसाठी नाही. शहरातल्या आपल्या मिशन शाळांनी हा विषय आधी स्वतःकडे सुरू करावा आणि मग वाड्यांसाठी देणगी गोळा करावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणखी दोन कुंपणे आम्ही घातली आहेत. एक म्हणजे मुले शिकणारी आहेत, स्वस्तातले मजूर नाहीत. एका हितचिंतकांनी आपल्या बंगल्याचे सगळे नळकाम ‘मुलांचा सराव होईल’ म्हणून देऊ केले होते, त्यांना नम्रपणे नाही म्हटले. अठराच्या आतल्या मुलांना धोक्याच्या कामावर लावणे कायद्यात बसत नाही. विहिरीत उतरणे आणि मोटारीच्या पेटीत हात घालणे त्यांना बंद आहे. दुसरे कुंपण जातीचे आहे. नळाचे काम म्हणजे गटाराचे काम, आणि ते ‘त्यांचे’ काम, असे अजून बोलले जाते. सेप्टिक टँकमध्ये किंवा गटाराच्या चेंबरमध्ये माणसाने उतरणे हे प्लंबरचे काम नाही. तिथल्या वायूने माणसे मरतात, आणि २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला तिथे उतरवायला बंदी आहे. हे मी पहिल्याच आठवड्यात सांगतो आणि मुलांच्या वहीत लिहून घेतो, म्हणजे उद्या कोणी शंभर रुपये जास्त देतो म्हटले तरी नाही म्हणताना त्यांच्यापाशी कारण असेल.

या धंद्यात पोट भरते का? मुंबई-पुण्यात प्लंबर बोलावला, तर तो ओडिशाचा निघण्याची शक्यता मोठी. त्यातही केंद्रपाडा जिल्ह्याचा, पट्टामुंडईकडचा. तिथले काही तरुण इंग्रजांच्या काळात कलकत्त्याला गेले, पाईपाचे काम शिकले, मग भावाला आणि पुतण्याला घेऊन गेले. पुढे हे काम देशभर पसरले, आखाती देशांतही गेले, आणि आज पट्टामुंडईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. एका भागाची घडी या एका धंद्याने बदलली. पण त्यासाठी माणसांना घर सोडावे लागले, हेही त्यात आहे. आमच्या मुलांना ते टाळता येण्यासारखे आहे, कारण हिंगोलीत पाईपाला दुसरे गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे हळद. वसमतची हळद प्रसिद्ध आहे, आणि हळदीला ठिबक लागतेच. मुख्य पाईप, उपमुख्य, त्यावर १६ मिलिमीटरच्या नळ्या, वॉल, फिल्टर. क्षाराच्या पाण्याने नळ्या तुंबतात, उंदीर कुरतडतात, दर हंगामात दुरुस्ती निघते. गावचे नळ, शेतातले ठिबक आणि नव्या घरांतली मोरी-संडासाची जोडणी ही तिन्ही कामे ज्याला येतात, त्याला वर्षभर काम मिळते. नुसती तोटी बदलणाऱ्याला मिळत नाही.

दहावीनंतरची वाटही मोकळी आहे. आयटीआयमधला नळ कारागीर हा एक वर्षाचा व्यवसाय आहे आणि त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करता येते. ज्याला गणिताची गोडी लागली, त्याने पॉलिटेक्निक आणि पाणीपुरवठा अभियंता होण्याकडे पाहावे. आमच्या गेल्या दोन तुकड्यांतून एक मुलगा आयटीआयला गेला, दोघे ठिबकवाल्याच्या हाताखाली लागले आणि काहीजण पुन्हा ऊसतोडीला गेले. हे लपवण्यात अर्थ नाही. एका दिवसाच्या वर्गाने कर्ज फिटत नाही, आणि मुकादमाची उचल आधी घेतलेली असते.

मुलींविषयी एक वाक्य लिहायचे ठरवले होते, पण जास्त होतील. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. म्हणजे पाणी वाईट आहे हे बाईने सांगायचे आणि पाना आणायला पुरुषाची वाट पाहायची, अशी विभागणी झाली. आमच्या वर्गात मुलीही आटे पाडतात. पाईप पान्याची दांडी लांब असली की जोर कमी लागतो, हा तरफेचा नियम त्यांनी मुलांपेक्षा लवकर ओळखला, कारण मुले नुसता जोर लावत बसतात. घरातला गळका नळ बंद करून दाखवल्यापासून एका मुलीच्या आजीने तिला कामाच्या दिवशी घरी ठेवणे बंद केले.

शेवटी पैशाचे. हत्यारांचा एक संच वीस मुलांना बरीच वर्षे पुरतो, म्हणून प्रत्येकाला पेटी वाटण्याची गरज नाही. खर्च होतो तो संपणाऱ्या मालावर. आटे पाडलेला तुकडा कापून पुन्हा वापरतो, तो वीतभर उरेपर्यंत. हात बसायला एका मुलाला दहा-बारा वेळा तरी आटे पाडावे लागतात. सोल्युशनने चिकटवलेला जोड सुटत नाही, तो गेलाच. डायचे दात बोथट होतात. टेप, करवतीची पाती, तेल, वॉशर, ओटीची बाटली दर सत्राला लागते. हे सामान फोटोत चांगले दिसत नाही आणि त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, म्हणून त्याला कोणी पैसे देत नाही. त्याहून महत्त्वाचा खर्च शिकवणाऱ्याच्या मानधनाचा. मी निवृत्त आहे, माझे चालते. माझ्यानंतर जो तरुण येईल त्याचे चालणार नाही, आणि दर महिन्याला पगार मिळाला नाही तर तो जुलैत येईल आणि दिवाळीला जाईल. आपल्या मंडळीला निवडायचे असेल, तर पेट्यांऐवजी एका निदेशकाचे तीन वर्षांचे मानधन निवडावे.

ज्यांच्या कुटुंबात किंवा मंडळीत कोणी प्लंबर, फिटर किंवा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले असतील, त्यांनी सत्रातले दोन शनिवार दिले तरी मुलांना माझ्याव्यतिरिक्त दुसरा हात पाहायला मिळेल. प्रत्येक कारागिराची युनियन बसवण्याची ढब वेगळी असते. घर बांधून उरलेला पाईप पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, पण गंजलेला नको. आणि ६ मीटरचे अखंड पाईप पाठवू नका. मीटर-मीटरचे तुकडे करून बांधा, ते एसटीत मावतात.